वरच्या घराचं ताट

विक्कीचा निळा शर्ट दुर्गानं सोमवारी धुवायला घेतला, तेव्हा कॉलरला मळ होता.

तिनं शर्ट खिडकीपाशी धरून पाहिला. सात महिने हा शर्ट कोणाच्या अंगाला लागला नव्हता. दर सोमवारी ती तो धुवायची, चौथ्या मजल्यावर दिराच्या घराच्या गॅलरीत वाळत घालायची आणि तीन दिवसांनी काढून आणायची. राइस मिलचा कोंडा उडतो, मुर्रीच्या रस्त्याची धूळ येते, हे सगळं खरं. पण धूळ काही फक्त मानेपाशी बसत नाही आणि कोंड्याला घामाचा वास येत नाही. दुर्गानं साबण लावून कॉलर खसाखसा घासली आणि कोणाला काही बोलली नाही. त्या दिवशी घरात बोलण्याजोगं आधीच पुष्कळ होतं. दुपारी तपासणीचा माणूस यायचा होता.

कटऱ्यांना या घरकुलाच्या इमारतीत दोन घरं मिळाली ती सासऱ्यांच्या, मनिरामच्या हट्टामुळं. दोन पोरं, दोन अर्ज, असं म्हणत म्हाताऱ्यानं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आणि ताबा मिळायच्या आधीच डोळे मिटले. तिसऱ्या मजल्यावरचं घर थोरल्या इंद्रकुमारचं, दुर्गाच्या नवऱ्याचं. बरोबर त्याच्या डोक्यावर, चौथ्यावर, धाकट्या विक्कीचं. एक खोली, एक स्वयंपाकघर, हातभर गॅलरी. विक्की हैदराबादला गोदामात कामाला होता. तीन वर्षांत दोनदा आला आणि दोन्ही वेळा आईपाशी खालीच झोपला. वरच्या घरात त्यानं एक घास खाल्ला नव्हता. आणि नियम असा, की सहा महिने कुलूप दिसलं तर घर रद्द होऊन प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला जाणार.

तो पहिला माणूस कोण, हेही इमारतीला ठाऊक होतं. सालेकशाकडून आलेला शालीकराम मडावी. कुंपणाबाहेर टिनाच्या खोलीत बायको आणि दोन लेकरं घेऊन राहायचा, इंद्रकुमार कामाला होता त्याच मिलमध्ये पोती उचलायचा. त्याचं धाकटं चार महिन्यांचं होतं. दोन वर्षांत या आवारात जन्मलेलं तेवढं एकच लेकरू.

कारण इमारतीत घरं चौसष्ट आणि शाळेत जाणारी पोरं अकरा. ज्यांच्या नावावर घरं, ते पुण्याला, रायपूरला, हैदराबादला. मागं राहिले ते त्यांचे आईबाप, आणि तेही एकेक करून कमी होत चाललेले. तळमजल्यावरची अंगणवाडी पोरांवाचून बंद पडली, तिथं आता म्हातारे रक्तदाब तपासायला रांग लावत. तरी संध्याकाळी रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, काय भरलेली इमारत आहे! दुसऱ्या मजल्यावरच्या निर्मलाबाई लेकीच्या रिकाम्या घरात रेडिओ लावून ठेवत. चुन्नीलाल मुलाच्या दारातले बूट रोज इकडचे तिकडे करी. दिवे लागत, दोऱ्यांवर कपडे हलत, कुकरच्या शिट्ट्या होत. कोणी कोणाचं बिंग फोडत नव्हतं, कारण झाकली मूठ सगळ्यांचीच होती.

दुर्गा मात्र सगळ्यांच्या एक पाऊल पुढं गेली. अतिहुशारी नडते ती अशी. नुसते कपडे आणि दिवे कोणीही लावील, घरात माणूस आहे असं वाटायला माणसाचं नाव ऐकू यायला पाहिजे, असं तिच्या डोक्यात आलं. ती रोज साडेबाराला वर जाई, वरणभात टाकी, पाट मांडून त्यापुढं ताट वाढी, दाराबाहेर विक्कीची जुनी चप्पल आतल्या तोंडानं ठेवी आणि उंबऱ्यात उभी राहून जिना दणाणेल अशी हाक मारी, "विक्की भाऊजीऽ, या जेवालेऽ!" एकदा ऐकू गेली नसेल म्हणून तीनदा. मग कुलूप लावून खाली यायची, खालच्यांची जेवणं उरकायची आणि तीन वाजता पुन्हा वर. ताटातलं शालीकरामच्या बकऱ्यांना, आणि तासभर पंख्याखाली आडवं.

हा तास तिचा होता. अकरा वर्षं ती सासूच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या नंबरला उभी राहिली होती. वरच्या घरात तिनं स्वतःचा मसाल्याचा डबा नेऊन ठेवला होता, सात वाट्यांचा, लग्नात माहेराहून आलेला आणि तोवर कधी न उघडलेला. विक्की काही परत यायचा नाही, घर आपल्यालाच राहील, आणि एक दिवस आपली चूल वेगळी होईल, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तिला ते घर हवं होतं, आणि फार हवं होतं.

होळीनंतर ताट रिकामं मिळू लागलं. आधी तिनं मांजरीवर घेतलं. मग खिडक्या लावून घेतल्या. मग एक दिवस ताट भिंतीला टेकवून उभं केलेलं दिसलं, कडेवरून पाण्याचा थेंब ओघळत होता. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं फिरवायचं, ते पिऊन टाकायचं आणि ताट भिंतीला उभं करायचं, ही रीत मनिरामनं एकाच पोराला लावली होती, आणि ते पोर इंद्रकुमार नव्हतं. दुर्गानं ते ताट घासलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलं. भीती वाटली नाही असं नाही. पण घराचा मोह भीतीपेक्षा दांडगा होता.

त्या सोमवारी नवतपा, मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू होता. कामठ्याहून बिसराम काकाजी मोपेडवर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा दुपट्टा घामानं भिजला होता. ते मनिरामचे धाकटे भाऊ, गावी शेती बघत. तपासणीच्या वेळी घरचं वडीलधारं माणूस असावं म्हणून सासू धनवंतानं त्यांना बोलावलं होतं. इंद्रकुमारही मिलमधून अर्धी सुट्टी टाकून आला होता. कूलर घरघरत होता. दुर्गानं सगळ्यांना ताक दिलं.

"दुर्गे, साडेबारा होऊन राहिले," धनवंता म्हणाली. "जाय वरती. आज हाक जराशी मोठ्यानं मारजो."

बिसरामांचा गिलास तोंडापाशी थांबला. "कायची हाक वो, वहिनी?"

"विक्कीची," इंद्रकुमार हसला. "रोज जेवाले बोलावते हे त्याले. शेजाऱ्यांले वाटावं का भाऊ घरीच आहे."

"उंबऱ्यात उभी राहून?"

"हो," दुर्गा म्हणाली.

"नाव घेऊन? किती डाव?"

"तीन डाव, काकाजी."

"आन ताट वाढून?"

दुर्गानं मान हलवली. बिसरामांनी गिलास खाली ठेवला आणि दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"अरे बाप्पा," ते म्हणाले. "असं मेलेल्याले बोलावतेत ना, पोरी."

कटऱ्यांच्या घरात पितरांच्या दिवशी थोरली बाई ताट वाढून उंबऱ्यात उभी राहते आणि गेलेल्याचं नाव घेऊन तीनदा जेवायला बोलावते. त्या वेळी परघरून आलेल्या सुना मागच्या अंगणात बसतात, हाक त्यांच्या कानावर पडू देत नाहीत. म्हणून कामठ्याच्या घरी जिवंत माणसाला उंबऱ्यातून नावानं जेवायला कधीच कोणी बोलावत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावतात आणि म्हणतात, चल, जेवून घे. दुर्गा अकरा वर्षं मागच्या अंगणात बसली होती. तिला कोण सांगणार?

सांगणारी एकच होती. दुर्गा सासूकडे वळली. "माय, तुमाले मालूम नव्हतं का?"

धनवंता पदरानं वारा घेत राहिली. "मालूम होतं."

"मंग काऊन नाई बोलल्या?"

"कायले बोलू? पहिल्या दिवशी बोलणार होती. तितल्यात वरती पाट सरकल्याचा आवाज आला." म्हातारीच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट एक समाधान होतं, आणि तेच दुर्गाला जास्त लागलं. "माया पोरगा तीन वर्षांत दोन डाव आला. हा रोज येते."

"काय लावलं बे हे सगळ्यांनी!" इंद्रकुमार उठला. "काकाजी, कोणत्या जमान्यात आहात तुमी? थांबा, त्यालेच फोन लावतो. खाऊन पिऊन मस्त असन तो."

त्यानं फोन लावून स्पीकरवर मध्ये ठेवला. बऱ्याच वेळानं विक्कीचा आवाज आला, पातळ, विहिरीतून आल्यासारखा. "बोल दादा."

"जेवला का बे?"

"भूकच नाई लागत दादा. होळीपासून असंच होऊन राहिलं. दुपार झाली का पोट भरल्यावाणी वाटते. बारा किलो उतरलो. डॉक्टर म्हणते, सब नॉर्मल है." तो थांबला. "भाभी आहे का तिथं? भाभी, काल लाखोरीचं वरण केलं होतं का तू?"

दुर्गा फोनपासून मागं सरकली. लाखोरीची डाळ तिनं काल फक्त वर शिजवली होती. खाली वांगं होतं.

"रातभर तोंडात तेच चव होती," विक्की म्हणाला. "आन एक घर दिसते मले. निळा शर्ट वाळत राहते. मी त्या घरात कधी राहिलो नाई ना, तरी सगळं मालूम आहे. मसाल्याचा डबा कुठं आहे थेही."

त्याच क्षणी वीज गेली. कूलर घरघरत थांबला, आणि इमारतभरचे कूलर एकामागून एक थांबत गेले. एवढी शांतता झाली की फोनमधला श्वास ऐकू येऊ लागला.

"थांब दादा," विक्की हळूच म्हणाला. "पाट मांडला दिसते. जेवून घेतो."

"कुठं?" इंद्रकुमारनं विचारलं.

"घरी."

छताकडे सगळ्यांनी एकदमच पाहिलं. वर, बरोबर डोक्यावर, लाकडी पाट फरशीवरून सरकत होता. भिंतीपासून खोलीच्या मधोमध. मग थांबला.

फोनमध्ये खडखड झाली आणि दुसराच आवाज आला. "हॅलो भैया, मैं सोनू, रूम पार्टनर. ये रोज इसी टाइम बैठे-बैठे सो जाता है. पहले पाँच मिनट सोता था, कल तो शाम को उठा. आज हाथ-पैर एकदम ठंडे हैं. मैं रिक्षा बुलाता हूँ, हॉस्पिटल ले जाता हूँ." फोन कटला.

"मी आज हाक मारलीच नाई," दुर्गा म्हणाली. "ताटही नाई वाढलं."

"आता हाक लागत नाई त्याले," बिसराम म्हणाले. "वाट मालूम झाली."

"मंग काय कराचं, काकाजी?"

"ज्यानं बोलावलं त्यानंच वापस धाडाचं. उंबऱ्यात उभं राहून, चार माणसांसमोर, नाव घेऊन म्हणाचं का तू इथं राहत नाई, हे तुयं घर नाई. तीन डाव."

इंद्रकुमारचा चेहरा उतरला होता, पण हिशेबी माणूस घाबरला तरी हिशेब सोडत नाही. "ठीक आहे. साहेब येऊन जाऊ दे. सही होऊ दे. मंग म्हण तुले काय म्हणाचं थे."

"आन सही कायची करसान?" बिसराम म्हणाले. "का विक्की इथंच राहते. सरकारी कागदावर लिवून देसान का इथं राहते, आन मंग त्याले म्हणसान राहत नाई. कोणतं खरं मानीन तो? तिकडं पोरगं थंड पडून राहिलं, इकडं तू सहीची वाट पाह्यतं!"

"दुर्गे, तुलेच त पायजे होतं ना वेगळं घर?" इंद्रकुमार बायकोवर उलटला. "मले का दिसत नव्हतं? तुया डबा वरती कायले गेला, मले समजत नाई का?"

"जाऊ दे तिले," धनवंता मध्येच म्हणाली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं सुनेचा हात हातात घेतला. "बाई, घर तूच घे. चूलही तुयीच. फक्त हाक बंद करू नको."

दुर्गानं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते सासू स्वतःच्या तोंडानं देत होती. सासूचा हात मात्र बर्फासारखा थंड लागला.

दार वाजलं. तपासणीचा पोरगा भूपेंद्र, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, घामानं निथळत उभा होता. त्याच्या मागं पंच म्हणून धरून आणलेला शालीकराम. आपलंच घर ठरायचं आहे आणि आपणच पंच, या अवघडलेपणानं तो मान वर करत नव्हता.

"चार सौ तीन देखना है," भूपेंद्र म्हणाला. "जल्दी करू या ताई, अजून तीस घरं आहेत."

सगळे जिना चढले. आवाज ऐकून चौथ्यावरचे दोघेचौघे दारात आले, निर्मलाबाईही वर चढून आल्या. दाराबाहेर चप्पल होती, आतल्या तोंडाची. दुर्गानं कुलूप काढलं.

पाट खोलीच्या मधोमध होता. त्यापुढं रिकामं ताट. शेजारी गिलासात काठोकाठ पाणी, आणि ते तिनं भरलेलं नव्हतं. खिडक्या बंद, पंखा बंद, तरी पाण्यावर बारीक थरथर होती, जवळ कोणी श्वास घेत असल्यासारखी. कोणीतरी ताटावर बसून वाढण्याची वाट पाहत होतं. दुर्गाला ते दिसलं नाही, पण रोज वाढणाऱ्या बाईला भुकेलं माणूस ओळखायला डोळे लागत नाहीत.

भूपेंद्रला त्यातलं काही दिसलं नाही. त्याला कपडे दिसले, गॅस दिसला, ताट दिसलं. "चलो, बढिया. खाना चल रहा है," तो खूश झाला. "लाभार्थी किधर है?"

"आत्ताच खाली गेला जी," इंद्रकुमार म्हणाला. "येतेच."

"रहता है ना? बस. घरातल्या एकाची सही चालेल." त्यानं टॅब दुर्गापुढं धरला. "मी लिहितो, लाभार्थी येथेच राहतो. इथं बोटानं सही करा, ताई."

दुर्गा उंबऱ्यात उभी होती. स्वयंपाकघराच्या फळीवर तिचा डबा होता, सात वाट्या, सगळ्या भरलेल्या. अंगावर पंख्याचा वारा घेत झोपून काढलेल्या त्या सगळ्या दुपारी तिला आठवल्या. तिला रडू आलं, आणि विक्कीसाठी नव्हे, त्या दुपारींसाठी आलं. खोटं कशाला बोला.

"कर ना सही," मागून धनवंता कुजबुजली. "पोरगा बसला आहे ताटावर. उठवू नको त्याले."

दुर्गानं टॅब बाजूला सारला.

"विक्की मनिराम कटरे इथं राहत नाई," ती म्हणाली. "हे त्याचं घर नाई."

"काय?" भूपेंद्र म्हणाला.

"दुर्गे!" इंद्रकुमार ओरडला. बिसरामांनी त्याचा दंड धरला.

"विक्की मनिराम कटरे इथं राहत नाई. हे त्याचं घर नाई." आता ती हाकेच्याच आवाजात बोलत होती, जिना दणाणत होता. निर्मलाबाईंनी कानावर हात ठेवले. "विक्की भाऊजी, तुमी इथं राहत नाई. हे तुमचं घर नाई. जा."

गिलासातलं पाणी निवांत झालं. पाट हलला नाही, काही वाजलं नाही. पण खोली एकदम रिकामी झाली, इतकी रिकामी की शालीकरामनं पहिल्यांदा मान वर करून आत पाहिलं.

धनवंता सुनेला ढकलून आत गेली. पाटापुढं बसली आणि लाकडावरून हात फिरवत राहिली. अजून कोमट होतं की काय कोण जाणे. "जेवून तरी जाऊ द्याचं होतं वो," ती म्हणाली. "उपाशी धाडला."

भूपेंद्रनं टॅबवर काहीतरी खोडलं, दुसरं लिहिलं. मग पंच म्हणून शालीकरामची सही घेतली. इंद्रकुमार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवसानंतर वर्षभर तो बायकोशी धड बोलणार नव्हता, हे तिला तेव्हाच कळलं होतं. तिनं फळीवरचा डबा काखेत घेतला आणि बाहेर आली. चप्पल जागच्या जागी होती. फक्त तोंड जिन्याकडे होतं.

ती तिसऱ्या मजल्याच्या दारात पोचली तेव्हा आत तिचा फोन वाजत होता. विक्कीचा नंबर. डबा खाली न ठेवताच तिनं तो उचलला.

"भाभी." विक्कीचाच आवाज होता, पण जाड, जवळचा, झोपेतून उठलेल्या माणसाचा. "भाभी, सोनू मले रिक्षात टाकून दवाखान्यात घेऊन चालला होता. आता उठलो. लय भूक लागली, भाभी. एवढी कधी लागली नाई. घरी काय केलं आज?"

वर धनवंता अजून पाटापाशी बसली होती. तिचं रडणं छतातून खाली येत होतं.

या ना भाऊजी, जेवाले या, हे शब्द दुर्गाच्या ओठापर्यंत आले. तिनं दात आवळून ते मागं लोटले.

"काही नाई केलं," ती म्हणाली. "तुमी तिथंच खाऊन घ्या."